गुलाब, भुंगेरे आणि देवळीतला डबा

आमच्या परंडा तालुक्यात इतिहास म्हटलं की किल्ला. शाळेची सहल किल्ल्यावर, निबंध किल्ल्यावर, आणि पाहुणे आले की त्यांनाही किल्ल्यावर. मुलूखमैदान तोफ मूळची परंड्याची, १६३२ साली ती विजापूरला नेली, हे सांगताना आमचे गुरुजी असे हळहळायचे की जणू आदल्या आठवड्यात कुणी त्यांच्या अंगणातून उचलून नेलीय. त्यामुळे इतिहास म्हणजे काहीतरी मोठं, ओतीव आणि दारूगोळ्याचं, अशी माझी समजूत झाली ती बरीच वर्षं टिकली.

गेल्या उन्हाळ्यात सोनारीच्या घरात मला जो इतिहास सापडला तो मात्र किलोभर पावडर मावेल एवढ्या पत्र्याच्या डब्यात होता.

झालं असं, की घराचं माळवद दोन पावसाळे गळत होतं. शेवटी मी आणि धाकटा भाऊ आठ दिवसांची सवड काढून गावी गेलो. आधी सामान बाहेर काढायचं, मग गवंडी लावायचा असा बेत. ढाळजेतल्या उंच देवळीत हात घातला तर जुन्या कंदिलाच्या मागे डबा. कागद केव्हाच गळून गेलेला, झाकण गंजून बसलेलं. चमच्याच्या मागच्या टोकानं झाकण जरा उचकटलं आणि तो वास आला. कुबट, ओल्या गोणपाटासारखा, नाकात चिकटून बसणारा. भाऊ अंगणात होता, तिथूनच ओरडला, "अण्णांची पावडर!"

पन्नास वर्षांपूर्वीचा वास माणूस चार पावलांवरून ओळखतो, याची गंमत वाटली. आणि पाठोपाठ पोटात गोळा आला. तो का, ते पुढे येईलच.

आमच्या घरी गुलाब दोन प्रकारचे आणि दोन मालकीचे. आज्जीचा गावठी गुलाब परसात, आडाच्या कडेला. फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा, दुपारपर्यंत मान टाकणारा, पण वास असा की आड शेंदायला आलेली बाई घडीभर थांबायची. त्याची फुलं भैरवनाथाला. सोनारीचा भैरवनाथ आमचा ग्रामदैवत आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा कुलस्वामी. चैत्रात यात्रा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. आज्जी रोज सकाळी पितळी तबकात पाच-सात फुलं घेऊन देवळात जायची. वाटेत माकडं. सोनारीची माकडं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एवढं सांगतो की त्यांना गुलाबाच्या कळ्या फार आवडतात आणि आज्जीच्या पदराखाली तबक असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरे गुलाब अण्णांचे. अण्णा शाळामास्तर. १९७२ चा दुष्काळ ओसरला, आडाला पाणी आलं, आणि १९७५ च्या सुमारास पुण्याला शिक्षकांच्या कसल्याशा शिबिराला गेलेले अण्णा येताना गोणपाटात गुंडाळलेली चार कलमं घेऊन आले. त्यातलं एक ग्लॅडिएटर होतं, हे नाव मला पाठ होतं कारण ते पैलवानासारखं वाटायचं. लांब दांडा, मुठीएवढं लालभडक फूल, वास जवळपास नाही. आज्जीनं वाकून हुंगलं आणि म्हणाली, "नुसतं दिसायलाच हाय की रं हे."

त्या काळात सगळ्या देशातच या विलायती घराण्याच्या गुलाबांचं वारं होतं. बी. पी. पाल हे नाव गहू पिकवणाऱ्यांना माहीत असतं. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण हा गव्हाचा माणूस गुलाबवेडा होता. त्यांनी स्वतः कितीतरी नव्या जाती तयार केल्या आणि १९६६ मध्ये भारतातल्या गुलाबांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. दिल्लीतलं ते वेड पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतून झिरपत झिरपत आमच्या पांढरीच्या मातीत पोहोचायला दहाएक वर्षं लागली म्हणायची.

कलमं लागली. फुटली. जूनमध्ये रोहिण्यांपाठोपाठ मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ग्लॅडिएटरच्या पानांची चाळणी. पैलवान एका रात्रीत चीत.

आज मला माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. गुलाब खाणारे भुंगेरे आमच्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक रात्रीचे. तपकिरी, बोराच्या बीएवढे, पहिला वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की त्याच संध्याकाळी दिवेलागणीला जमिनीतून शेकड्यांनी बाहेर पडणारे. हे हुमणीचे भुंगेरे. काही भागांत हुमणीला उन्नीही म्हणतात. हे पानं कुरतडतात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात, म्हणून चोर सापडत नाही. दुसरे दिवसाचे. तांबूस-नारिंगी अंगावर काळी नक्षी, श्रावण-भाद्रपदाच्या उघडिपीत येतात, राजरोस फुलात बसतात आणि पाकळ्या, परागकण, कोवळ्या कळ्या खातात. दिसायला इतके देखणे की मारायचं जिवावर येतं.

आणि एक तिसरा, जो चोर नाहीच. पानाच्या कडेला नाणं ठेवून कापावं तसे गोल, स्वच्छ काप दिसले तर ते काम पानकापी माशीचं. ती मधमाशीच्या गोतातली. पानाचा तुकडा घरट्याच्या अस्तरासाठी नेते, खात काही नाही. आम्ही त्या बिचारीलाही चपलेनं मारली आहे.

तर, उपाय.

आज्जीचे उपाय तिच्या सासूकडून आलेले. परातीत पाणी ओतायचं, मधोमध पालथ्या तांब्यावर कंदील ठेवायचा, आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून परातीत पडलेले भुंगेरे कोंबड्यांना टाकायचे. पानांवर चुलीतली राख भुरभुरायची. लिंबाचा पाला उकळून गार करून शिंपडायचा. (आमच्याकडे कडुनिंबाला नुसतं लिंब म्हणतात. पुण्यात येऊन लिंबाचा पाला आण म्हटलं की लोक गोंधळतात.) राहिलेले भुंगेरे हातानं वेचायचे. हे वेचायचं काम आम्हा पोरांचं, शेकड्याला एक गोळी हा दर.

हे सगळं किती जुनं आहे ते मला फार उशिरा कळलं. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत ग्रंथ. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होतं. शेतीशास्त्रज्ञ य. ल. नेने यांनी त्याची प्रत मिळवली, नलिनी साधले यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि १९९६ मध्ये ते छापून आलं. त्यात झाडांच्या किडीवर वावडिंग, मोहरी असल्या वस्तूंचे लेप आणि धुऱ्या सांगितल्या आहेत. वाचताना मला सारखं वाटत होतं, ही तर आज्जीची फडताळातली डबडी.

युरोपातले लोक तर याहून पुढे. तिकडेही मे-जूनमध्ये असेच तपकिरी भुंगेरे उठतात आणि त्यांच्या अळ्या मुळं खातात. १४७९ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बिशपनं या अळ्यांवर चक्क धर्मपीठापुढे खटला चालवला. त्यांना हजर राहायचं फर्मान निघालं, त्यांच्या बाजूनं बोलायला माणूस नेमला, आणि शेवटी त्यांना धर्मातून बहिष्कृत केलं. हसू येतं खरं. पण माणूस जेव्हा बिशपकडे जातो, किंवा नाथाच्या पायरीवर नारळ फोडून म्हणतो की बाबा, एवढं पीक राहू दे, तेव्हा त्यानं एक गोष्ट कबूल केलेली असते. हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही.

पावडर आली आणि ते एकट्याच्या आवाक्यातलं वाटू लागलं.

अण्णांनी ती तालुक्याहून आणली. पाकिटावर बीएचसी, लोकांच्या तोंडी गॅमेक्सिन. हा पदार्थ मायकेल फॅराडेनं १८२५ मध्येच प्रयोगशाळेत बनवला होता, पण तो किडे मारतो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये नीट ध्यानात आलं. कारखान्यात तो बनतो तेव्हा एकाच घडणीचा बनत नाही, चार-पाच भावंडं एकत्र निघतात. त्यांतलं गॅमा नावाचं भावंड किडे मारणारं, आणि ते असतं शंभरात साधारण दहा-पंधरा भाग. बाकीचं किडे फारसं मारत नाही, पण मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. तो कुबट वासही याच मिश्रणाचा. स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे हे मिश्रणच दहा टक्क्यांच्या पावडरीच्या रूपात पोत्यांनी विकलं गेलं. शेतात, धान्याच्या कणगीत, ढेकणांवर, आणि आमच्या घरी गुलाबावर.

अण्णा जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर घेऊन पुरचुंडी बांधायचे आणि काठीनं हळूहळू आपटायचे. पांढरा धूर झाडावर बसायचा. हात उघडे, तोंड उघडं, आम्ही पोरं भोवती. सकाळी झाडाखाली भुंगेरे उताणे पडलेले. अण्णांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरू शकत नाही. विज्ञानावर विश्वास असलेल्या मास्तरचा, मुलांसमोर प्रयोग यशस्वी झाल्यावरचा आनंद होता तो. त्या साली ग्लॅडिएटरला अकरा फुलं आली. मोजली होती.

आज्जीनं मात्र तिच्या झाडाला हात लावू दिला नाही. "देवाच्या फुलाला इख लावू नगंस," एवढंच म्हणाली. अण्णांनी पुष्कळ समजावलं. ती परातीतलं पाणी ओतत राहिली.

आता कबुलीजबाब.

पुढच्या वर्षी, १९७६ चा श्रावण. मी अकरा वर्षांचा. नारिंगी भुंगेऱ्यांनी आज्जीच्या झाडावरच्या कळ्या कळ्यांतच पोखरल्या. दोन दिवस तिच्या तबकात नुसती कण्हेर होती. ती काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी झाडापाशी उभी राहून तिनं एक खाल्लेली कळी हातात घेतली, पाकळी पाकळी उलगडून पाहिली आणि परत झाडाच्या बुंध्याशी ठेवली. मला ते बघवेना. संध्याकाळी ती नाथाच्या आरतीला गेल्यावर मी देवळीतला डबा उतरवला, पुरचुंडी बांधली आणि अण्णांसारखीच काठी आपटली. त्यानंतरही चार-सहा वेळा, आरतीची वेळ साधून.

फुलं आली. भरपूर आली. आज्जी म्हणाली, "नाथानं ऐकलं." मी गप्प.

आश्विनातलं ऊन लागलं तसा तिनं गुलकंद घातला. बरणीत पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, पुन्हा पाकळ्या. तोंडाला फडकं बांधून बरणी माळवदावर उन्हात. पाणी लागलं की गुलकंदाला बुरशी येते, म्हणून ती पाकळ्या धूत नसे. नुसत्या सुपात घेऊन झटकायची. त्या दिवाळीला घरात चौदा माणसं होती आणि तुमच्यापैकी जे आत्ता हे वाचताय त्यांतल्या निदान सहा जणांनी तो गुलकंद पोळीला लावून खाल्लाय. ताई, तू तर बोटानं चाटून बरणी रिकामी केली होतीस.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. कुणाला त्या वेळी काही झालं नाही. पुढे जी काही दुखणी झाली ती चारचौघांसारखी झाली, त्यांचा संबंध मी त्या बरणीशी जोडणार नाही, कारण तो कुणालाच जोडता येणार नाही. तीच तर या पावडरीची तऱ्हा. साप चावला तर व्रण दिसतो. हिचा हिशेब कुठेच दिसत नाही.

आज्जी १९८८ मध्ये गेली. तिला मी सांगितलं नाही.

पुढची गोष्ट थेट अमेरिकेत जाते, पण वाट घरचीच आहे. माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. चारेक वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. परसातले गुलाब दाखवत होती. पानांची चाळणी, आणि एकेका फुलात पाच-पाच भुंगेरे, हिरव्या धातूचं अंग, तांब्याच्या रंगाचे पंख. "दादा, अण्णा काय टाकायचे रे?" हा तिचा प्रश्न.

काय टाकायचे ते मी सांगितलं नाही. पण तिच्या भुंगेऱ्याची माहिती काढली तर गंमतच निघाली. तो जपानी भुंगेरा, अमेरिकेत पहिल्यांदा सापडला १९१६ साली, आणि कुठे, तर तिच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टन नावाच्या गावातल्या एका रोपवाटिकेत. बहुधा आयरिसच्या कंदांना चिकटलेल्या मातीतून अळ्या जपानहून आल्या. जपानात त्याला खाणारे, पोखरणारे शत्रू होते, त्यामुळे तिथे तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. इथे मोकळं रान. विशेष आवड गुलाबाची.

त्यावर अमेरिकेनं दोन रस्ते धरले. पहिला संथ. १९२० च्या दशकात पूर्वेकडून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या. मग १९३० च्या दशकात अळ्यांना होणारा एक रोग सापडला, ज्यात अळीचं रक्त दुधासारखं पांढरं होतं. त्या जिवाणूची भुकटी १९३९ पासून पुढे बरीच वर्षं सरकारनं पूर्वेकडच्या राज्यांत जमिनीत मिसळली. दुसरा रस्ता झटपट. १९५४ पासून इलिनॉय राज्यातल्या शेल्डनच्या परिसरात डिल्ड्रिन, १९५९ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या आसपास विमानातून ऑल्ड्रिनची भुकटी, घरांवर, अंगणांवर, शाळांवर. भुंगेरे मेले आणि पक्षीही मेले. रेचल कार्सननं १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हे सगळं लिहून ठेवलं. हे पुस्तक मी पुण्यात नोकरीला लागल्यावर वाचलं, आणि त्यातलं ते प्रकरण वाचताना मला मिशिगन दिसलंच नाही. पांढरा धूर, आणि काठी धरलेला माझा हात दिसला.

मग मी अण्णांना विचारलं. साल २००३ असावं. आपल्या देशात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली होती, पण ती बातमी सोनारीच्या देवळीपर्यंत पोहोचली नव्हती. अण्णा निवृत्त झालेले, ओसरीवर पेपर वाचत बसलेले. सगळं सांगून झाल्यावर मी माझी गोष्टही सांगितली, आज्जीच्या झाडाची.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आपण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच टाकत होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "गुलकंदाचं मला सुचलं नाही रे." आणि पेपर वर धरला.

डबा त्यांनी कधी टाकून दिला असेल असं मी धरून चाललो होतो. त्यांनी तो कंदिलाच्या मागे सरकवला होता. २०११ मध्ये अण्णा गेले. तो तिथेच राहिला.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पुण्यात गच्चीवर मी बारा कुंड्या लावल्या तेव्हा दुकानदारानं दिलेलं दाणेदार थिमेट, म्हणजे फोरेट, मीही मातीत घातलंय, चमच्यानं. २०२० संपताना त्याच्या वापरावर बंदी आली. दर पिढीला एकेक डबा मिळतो बहुतेक.

मग करायचं काय? हा प्रश्न घेऊन मी भुंगेऱ्याच्या मागे लागलो आणि तेव्हा एक गोष्ट कळली, जिनं आज्जी आणि अण्णा दोघांचीही गंमत केली आहे. हुमणीच्या भुंगेऱ्याचं आवडतं जेवण कोणतं? कडुनिंब. आणि बाभूळ, आणि बोर. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा टोळांनी सगळं खाल्लं पण कडुनिंब सोडला, हे श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं आणि तिथून जगभर कडुनिंबाचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्याच्या एका औषधावरचं युरोपातलं पेटंट भारतातून आव्हान दिल्यावर २००० साली रद्द झालं तेव्हा आपण सगळ्यांनी कॉलर ताठ केली होती. आणि इकडे हा आमचा भुंगेरा त्याच झाडावर बसून रात्रभर पंगत झोडतो! आज्जी लिंबाच्या पाल्याचं पाणी गुलाबावर शिंपडायची म्हणजे पाहुण्याला घरचीच आमटी वाढत होती.

पण हीच त्याला पकडायची खूण. त्याचं वर्ष असं चालतं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तो जमिनीतून निघतो, जवळच्या लिंबावर किंवा बाभळीवर जातो, तिथेच जोडी जमते. मादी मातीत साधारण पन्नास-साठ अंडी घालते. दोनेक आठवड्यांत अळ्या निघतात. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरी, तांबड्या डोक्याची अळी, तीच हुमणी. पावसाळाभर ती मुळं खाते, ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्यात जास्त. मग कोष, मग भुंगेरा, आणि तो भुंगेरा पुढच्या पावसाची वाट बघत जमिनीतच बसून राहतो. वर्षातून एकच पिढी. तेव्हा जूनच्या त्या चार-आठ रात्री भुंगेरा लिंबावर असताना, मादीनं अंडी घालायच्या आत जो गाठेल तो जिंकला. एकदा अंडी मातीत गेली की गुलाबावर काहीही भुरभुरा, उशीर झालेला असतो.

म्हणजे अण्णा गुलाबापाशी लढत होते आणि लढाई लिंबाखाली होती. शिवाय लिंब कुणाचा? रस्त्याचा, देवळाचा, शेजाऱ्याचा. एकट्यानं आपल्या परसात काहीही केलं तरी शेजारच्या बांधावरून भुंगेरे येणारच. म्हणून कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं हुमणीसाठी वर्षानुवर्षं एकच सांगतात: गावानं मिळून, एकाच वेळी, झाडं हलवून भुंगेरे गोळा करा. ऊसपट्ट्यात काही साखर कारखान्यांनी तर भुंगेरे किलोवर विकतही घेतले. आज्जीचा शेकड्याला एक गोळी हा दर आठवला की मला तेव्हाच्या मजुरीचं वाईट वाटतं.

मातीतल्या अळ्यांसाठीही एक संथ रस्ता आहे, आणि तोही जुनाच. १८७९ मध्ये ओडेसाकडे गव्हावरच्या भुंगेऱ्यांना एक हिरवी बुरशी मारते हे मेचनिकोव्हनं पाहिलं. (ज्याला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं तोच.) ती मेटारायझियम बुरशी आता आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना द्यायची. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

आणि खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, हेही शिकलो. फुलातल्या नारिंगी भुंगेऱ्याच्या गोतातल्या अळ्या बहुधा कुजलेल्या पाल्यावर जगतात आणि झाडाच्या मुळांना सहसा काही करत नाहीत. ओळखायची एक सोपी युक्ती आहे: अळी फरशीवर ठेवायची. उताणी होऊन पाठीवर सरपटत चालली तर ती या गोतातली. माझ्या नातीनं हा प्रयोग इतक्यांदा केला की शेवटी अळीलाच कंटाळा आला असावा.

तर गेल्या वर्षी माळवदाचं काम रेंगाळलं, मृग लागला आणि आम्ही गावातच होतो. पाऊस दुपारी चारला झाला. साडेसातला मी, भाऊ, शेजारची तीन-चार पोरं आणि एक तरुण शेतकरी, ज्याचं सोयाबीन आदल्या वर्षी हुमणीनं बसवलं होतं, असे बॅटऱ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाखाली गेलो. खाली जुनी ताडपत्री, हातात आकडी लावलेले वेळू. फांदी हलवली की टपटप गारा पडाव्यात तसा आवाज. रॉकेल आता कुठे मिळत नाही, म्हणून बादलीत साबणाचं पाणी. नऊपर्यंत अर्धी बादली भरली. पोरं दुसऱ्या दिवशी विचारायला आली, आज कुठल्या झाडाला जायचं? पाच रात्री गेलो. गल्लीतल्या दोन बायाही आल्या, कारण त्यांच्या दारातही गुलाब आहेत आणि मला ते आजवर दिसलेच नव्हते.

गुलाबाची पानं यंदा शाबूत होती असं मी म्हणणार नाही. खाल्ली होती, कमी खाल्ली होती. एका गल्लीनं पाच रात्री काढून होणार किती? पण त्या बादलीकडे बघताना मला लोझानचा बिशपही समजला आणि आज्जीही.

आज्जीचं झाड अजून आहे, म्हणजे त्याच्या फांदीची फांदी. एक कलम पुण्याला आणलंय. नारिंगी भुंगेरे सकाळी सातला उन्हं अंगावर यायच्या आत सुस्त असतात, तेव्हा नात आणि मी हातानं वेचतो. दर अजून शेकड्यालाच आहे, पण आता गोळी नाही, चॉकलेट.

राहिला डबा. पुरावा तर तो मातीत वर्षानुवर्षं राहणार आणि आड दहा पावलांवर. जाळावा तर धूर. नाल्यात टाकावा असं सुचवणारेही भेटले. एका कचेरीत दोनदा जाऊन विचारलं, त्यांनी दुसरीकडे विचारा म्हणून सांगितलं. तूर्त तो तीन पिशव्यांत बांधून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत घालून, वर 'विष, उघडू नये' असं मोठ्या अक्षरात लिहून उंचावर कुलपात ठेवलाय. अण्णांनी कंदिलाच्या मागे सरकवला, मी कुलपात ठेवला, फरक फार नाही. तुमच्यापैकी कुणी असा डबा रीतसर कुठे सोपवला असेल तर मला कळवा, हे अगदी मनापासून.

आणि ज्या सहा जणांनी तो गुलकंद खाल्लाय त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. आज्जीला सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.